जमादाराचं नाक

“चाखा जमादार,” भाईदास म्हणाला. “तुमनं हाई नाक मना बापले जेलमा लई गयं. आज त्यानी परीक्षा शे.”

टेबलावर स्टीलचे तीन पेले होते. काचेचे ग्लास भाईदासने मुद्दामच काढले नव्हते. रंग पाहून ओळखलं तर नाकाचा खोटेपणा उघडा कसा पडणार? समोर तोताराम बसला होता. सत्तरी गाठलेला, दारूबंदीच्या पथकातला रिटायर जमादार. त्याला जीप पाठवून पारोळ्याहून धुळ्याला आणलं होतं आणि साधं पाणीही विचारलं नव्हतं. असा पाहुणचार करायला चाळीस वर्षांचा राग लागतो.

चाळीस वर्षांपूर्वी याच तोतारामने भाईदासच्या बापाला, रुपचंदला, हातभट्टीच्या दारूसाठी पकडलं होतं. कोर्टात त्याने छातीठोकपणे सांगितलं, ‘मी वासावरून ओळखलं, ही दारू याच घरची.’ रुपचंदला सहा महिन्यांची शिक्षा झाली. चौथ्या महिन्यात तो जेलमध्येच वारला. भाईदास तेव्हा दहा वर्षांचा. धाड पडली तेव्हा बाप दोन महिने तापाने खाटेवर पडून होता, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. ज्याला उठून पाणी पिता येत नाही तो भट्टी कशी लावेल? म्हणजे दारू जमादारानेच आणून ठेवली, हे त्याच्यापुरतं सिद्ध झालं होतं. ‘दारूवाल्याचा पोर’ ही शिवी त्याने शाळेत ऐकली, बाजारात ऐकली, स्वतःच्या लग्नाच्या मांडवातही ऐकली.

त्याचा डॉक्टर जावई स्कॉटलंडहून तीन बाटल्या घेऊन आला आणि भाईदासला युक्ती सुचली. तिन्ही एकाच कारखान्याच्या सिंगल माल्ट व्हिस्कीच्या. दहा-बारा वर्षं सारख्याच लाकडी पिंपांत मुरलेल्या. फरक फक्त शेवटच्या वर्ष-दीड वर्षाचा. एक होती तिथेच राहिली, दुसरी पोर्टच्या रिकाम्या पिंपात भरली, तिसरी शेरीच्या. “दोन्ही द्राक्षांच्याच कडक, गोड दारू,” जावई म्हणाला होता. “त्यांचा वास लाकडात राहतो आणि तो व्हिस्कीत उतरतो. मलाही डोळे मिटून ओळखता येत नाही.” भाईदासला एवढंच हवं होतं.

“हारनू तं?” तोतारामने विचारलं.

“मना मायना पुढे सांगानं, मी कोर्टमा खोटं बोलनू.”

“आनि जिकनू तं?”

याचा भाईदासने विचारच केला नव्हता.

त्याची आई, सुगंधाबाई, मधल्या दारात उभी होती. “तोतारामभाऊ,” ती म्हणाली, “हारनू म्हनी सांगी टाका, आनि घर जा.”

“तीस वरीस नोकरी करी, सुगंधाबाई. हाई नाक एकदाव चुकनं नही.” म्हातारा खुर्ची ओढून पुढे सरकला. आता त्याला दोघांनी धरून ओढलं असतं तरी तो उठला नसता.

त्याने पहिल्या पेल्यातला थेंब जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. मग चार थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात खसाखसा चोळले आणि ओंजळ नाकाशी धरून तसाच बसून राहिला. “दारू उडी जास,” तो म्हणाला. “भांडानी सय ऱ्हास.” मग हात धुऊन दुसरा पेला. मग तिसरा. मग पुन्हा दुसरा. टेबलाखाली भाईदासचा पाय हलत होता.

“तिन्ही एकच घरन्या शेतस,” तोताराम शेवटी एकेका पेल्यावर बोट ठेवत म्हणाला. “हाई आपलाच भांडामा ऱ्हायनी. हाईना भांडामा आधी लाल द्राक्षनी गोड दारू व्हती. आनि हाईनामा मनुका, अक्रोड. तीबी द्राक्षनीच, पन सुकेल द्राक्षनी.”

शेजारी बसलेल्या जावयाने पेले उचलून बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठ्या पाहिल्या. “तिन्ही बरोबर आहेत, मामा. लाल द्राक्षांची ती पोर्ट, मनुकांची ती शेरी,” तो सासऱ्याला हळूच म्हणाला.

भाईदास उठला. त्याने भिंतीवरचा बापाचा फोटो उतरवला आणि फरशीवर आदळला. काच तडकली. “म्हनजे दारू आमना घरनीच व्हती,” तो म्हणाला. “चाळीस वरीस मी याना करता लोकेससंगे भांडनू. आनि हाऊ दारूवालाच निंघना.” फोटोला लाथ घालायला त्याने पाय उचलला.

तोताराम त्या वयातही झटकन वाकला आणि त्याने फोटो ओढून घेतला.

“बापवर पाय नको उचलू. कोर्टमा मी ‘याच घरनी’ इतलंच सांगं. कोनी, ते सांगं नही. त्या दारूले हिंग-मेथीना वास व्हता, भाईदास. लोणचानी बरणीमा ठेयेल व्हती. तुमना घरमा लोणचानी बरणीले कोन हात लावे?”

भाईदासला उत्तर माहीत होतं. दुसऱ्या कोणाचा हात लागला की लोणचं नासतं, असं आई सांगायची. बरणीच्या फडक्याची गाठही ती कोणाला सोडू देत नसे. बापालाही नाही.

“तुना बाप भिंतले धरी धरी दारपावत उना,” तोताराम म्हणाला. “माले बोलना, ‘जमादार, मनं नाव लिखा.’ मी लिखं.”

जावई पेल्यांकडे बघत राहिला. भाईदासला आईकडे मान वळवण्याचा धीर होईना.

सुगंधाबाई दार सोडून पुढे आली. चाळीस वर्षं तिने मुलाला या म्हाताऱ्याच्या नावाने बोटं मोडताना ऐकलं होतं आणि एकदाही थांबवलं नव्हतं. ती तोतारामच्या पुढ्यात उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता.

“त्यासनी मनासाठे सारी इज्जत हारी,” ती म्हणाली. “तुमले एक पैज हारता नही उनी?”