खोडलेलं कलम

वैद्यकीय नियतकालिकाकडून तिच्या लेखासाठी आलेल्या करारातलं ‘सर्व हक्क प्रकाशकाचे’ हे कलम डॉ. रेवती सामंतने सरळ खोडून टाकलं.

“अहो, लेख छापणार नाहीत ते!” विभागप्रमुख हादरले.

“सरकारी निधीतून सहा वर्षं विंचूदंशावर काम केलंय, सर. हक्क त्यांच्याकडे गेले की लेख वाचायला हजारो रुपये मोजावे लागतात. खेड्यातल्या डॉक्टरला तो वाचताच येणार नसेल, तर छापून काय करू?”

दोन आठवडे तिचा जीव टांगणीला लागला होता. मग उत्तर आलं: मान्य! तिने त्याच क्षणी लेख इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला.

चौथ्या दिवशी फोन खणखणला. “मॅडम, धडगावहून डॉ. पाडवी बोलतोय. सकाळी विंचू चावलेली पोरगी आणली होती. तुमचा लेख उघडून तसेच उपचार केले. आत्ता उठून बसलीय, भाकरी मागतेय!”

फोन कानाला तसाच धरून रेवती विभागप्रमुखांच्या खोलीकडे धावली. “सर, भाकरी मागतेय ती!”