चेमासाठी ठेवलेला पाव

हसिंता झेंडूची फुलं घेऊन आत आली, तेव्हा तिचे थोरले दीर ओनोरियो तिच्या मेलेल्या नवऱ्यासाठी, चेमासाठी मांडलेला गोड पाव खात होते. आज मृतांचा दिवस. मेलेला माणूस घरी येऊन वास घेईपर्यंत त्या पावाला कुणी बोट लावत नाही. अजून मेणबत्तीसुद्धा पेटली नव्हती.

"भाऊजी, मिशीला साखर लागलीय."

ओनोरियोंनी मिशी पुसली. आता लपवणार तरी काय! बावीस वर्षं ते चर्चचे सेवेकरी. गावातले दारुडे ग्वादालुपेच्या मेरीमातेसमोर दारू सोडल्याची शपथ घेत, तेव्हा शपथेचं कार्ड तेच भरून देत. स्वतः कधी थेंबाला शिवले नव्हते आणि त्याचा तोरा केवढा! गेल्या महिन्यात मधुमेहानं पायाचा अंगठा नेला, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या नावाचं कार्ड भरलं. नाताळपर्यंत गोड बंद.

"किती दिवस टिकलात?"

"एकोणीस."

"चेमा दारूविना अकरा महिने टिकला होता." ती अगदी साधेपणानं म्हणाली, म्हणून जास्तच लागलं.

"त्या दिवशी तो माझ्याकडे आला होता, हसिंता. तुला कधी बोललो नाही. दारूची तलफ आवरत नव्हती त्याला. म्हणाला, दादा, आज माझं काही खरं नाही, तासभर जवळ बस. मी म्हटलं, मला होतं का कधी असं? तोंड बंद ठेव, म्हणजे झालं. आणि वेदी पुसायला गेलो."

त्याच संध्याकाळी चेमा कालव्यात बुडालेला सापडला होता.

"म्हणजे आधी तुमच्याकडे आला होता?" हसिंताच्या हातातली फुलं खाली पडली. "सरळ गुत्त्यावर गेला म्हणून तीन वर्षं मी त्याला शिव्या घालतेय, भाऊजी."

ओनोरियोंना तिच्याकडे बघवेना. "देवानं मला अशा मोहात तेव्हाच का नाही घातलं गं? एक दिवस जरी घातलं असतं, तरी मी बसलो असतो त्याच्याजवळ."

ते उठून टोपी शोधू लागले. हसिंतानं त्यांच्या हातातला अर्धा पाव काढून घेतला, चेमाच्या फोटोपुढे परत ठेवला आणि मेणबत्ती पेटवली. मग खुर्ची ओढून फोटोसमोर आणली.

"येईलच आता तो," ती म्हणाली. "बसा तासभर."