दिव्यानीचे तीन वाघ

जिप्सीत पुढच्या सीटवर गाइड म्हणून आपली आईच बसलेली पाहून दिव्यानी चढता चढता थांबली.

"आई, तुया तं आज नंबर नोता न?" ती कुजबुजली.

"सुकरीचा होता. मी बदलून घेतला. माही पोरगी कॉलेजच्या पोरी घेऊन येते, अन् तिले दुसरीच बाई जंगल दाखवते का व?" गुणाबाईंनी खाकी टोपी सारखी केली आणि मागे वळून चारही मैत्रिणींना हात जोडून नमस्कार केला. मोहर्ली गेटवर असा नमस्कार साहेबलोकांनाही मिळत नसे.

मुली खूश झाल्या. दिव्यानीला मात्र गेटवर मोबाईल जमा केल्याचं फार वाईट वाटलं. तोंड लपवायला हाताशी काहीच नव्हतं.

भानगड अशी होती. पुण्याच्या हॉस्टेलात आल्यावर सुरुवातीला तिच्याशी कुणीच बोलायचं नाही. मुद्दाम नाही, ती तिथं आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मेसमध्ये ती एकटी जेवायची आणि भिंतीवरचा 'अन्न वाया घालवू नका' हा फलक रोज नव्यानं वाचायची. परत जायचं म्हणून बॅगसुद्धा भरून झाली होती. त्या संध्याकाळी रूममेट तहसीननं सहज विचारलं, "तू कुठली गं?"

"मोहर्ली. ताडोबाजवळ."

"म्हणजे तू वाघ पाहिलायस?"

दिव्यानी 'नाही' म्हणणार होती. पण खोलीतल्या सगळ्या मुली पहिल्यांदाच तिच्याकडे वळून पाहत होत्या. ती 'हो' म्हणाली.

महिन्याभरात एका वाघाचे तीन झाले. एकाचं नाव शेरू. तो मंगळवारी यायचा. दुसऱ्यानं बाबांचा खांद्यावरचा दुपट्टा पळवला होता आणि नंतर मनाला लागलं म्हणून परत आणून टाकला होता. तिसऱ्यानं जांभई दिली तेव्हा तिनं त्याचे दात मोजले होते. मग मजल्यावर पाल निघाली की 'दिव्यानीला बोलवा' अशी आरोळी उठायला लागली. रेक्टरबाई तिला गेटवरची कुत्री हाकलायला पाठवू लागल्या. दिव्यानीला कुत्र्यांची भीती वाटायची, पण शेरूच्या अब्रूचा प्रश्न होता. मेसमध्ये आता तिच्यासाठी जागा धरून ठेवत. बॅग कधीच रिकामी झाली होती. आणि दिवाळीनंतरची सहल कुठं न्यायची, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं.

आता आईचं एक वाक्य पुरेसं होतं, आणि आई खोटं बोलत नसे. एखादा टुरिस्ट हौसेनं मातीतला ठसा दाखवून "वाघ का?" असं विचारायचा. गुणाबाई म्हणायच्या, "डुक्कर."

चितळ दिसले. मोर दिसला. पुन्हा चितळ दिसले. वाघ काही दिसेना. शेवटी तहसीननं विचारलंच.

"काकू, तो मंगळवारचा शेरू कुठं असतो?"

दिव्यानीनं डोळे मिटले.

"कोणता शेरू?"

"दिव्यानीनं पाहिलेला."

"हिनं?" गुणाबाई पूर्ण मागे वळल्या. "हिनं जिंदगीत वाघ नाई पाह्यला. अख्ख्या मोहर्लीत अशी ही एकलीच हाय."

 तहसीननं हळूच दिव्यानीकडे पाहिलं.

"आणि ते दात?"

"पुस्तकातले."

"दुपट्टा?"

"बाबांनी हरवला."

तहसीन थोडी बाजूला सरकून बसली. सीटवर तशी जागा नव्हती, तरी सरकली.

ड्रायव्हर कोलूभाऊंनी इंजिन बंद केलं. गुणाबाई अशा मागे वळून बसल्या की गोष्ट लांबणार, हे त्यांना पाठ होतं. कोणती गोष्ट, हे दिव्यानीलाही कळलं. याच गोष्टीवरून गाव तिला चिडवायचं, म्हणून पुण्यात ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. त्याऐवजी तीन वाघ सांगितले होते.

"बारावीचं वर्ष होतं हिचं," गुणाबाई म्हणाल्या. "भर दुपारी वाघ येऊन आमच्या घरामागं वाडीत बसला. सारा गाव सलॅबवर. कोणी थाळी वाजवते, कोणी फटाके फोडते. मी वरून बोंबलून राह्यली, दिव्याने, खिडकी लाव व! ही खिडकीपाशी बसून केमिस्ट्री करून राह्यली होती. म्हणते कशी, आई, गोंधळ नोको करू, उद्या पेपर हाय."

"मग?" मागून कुणीतरी म्हणालं.

"खिडकीले गज होते म्हणून बरं. वाघ उठला अन् खिडकीजवळ येऊन हिलेच पाहून राह्यला. आमचा जीव इथी आलेला. आम्हाले वाटे, आता पाह्यते, मंग पाह्यते."

तेवढ्यात डावीकडच्या बांबूत एक चितळ जोरात ओरडला. मग दुसरा.

"बाई, कॉल होऊन राह्यला," कोलूभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. "वाघ असन. जवळच हाय."

"असू दे न भाऊ. वाघ तं रोजचाच हाय. मी पोरीचं सांगून राह्यली."

बांबूत पाचोळा वाजला. एकाही मुलीनं मान वळवली नाही. तहसीन दिव्यानीला अक्षरशः ओलांडून पुढं वाकली.

"काकू, सांगा ना! वाघ खिडकीतून हिच्याकडं बघतोय. मग हिनं काय केलं?"

गुणाबाईंनी आधी कोलूभाऊंकडे पाहिलं, मग चारही मुलींकडे, आणि सगळ्यात शेवटी लेकीकडे.

"हिनं पान पलटवलं."