घरकुलाचा सर्व्हे

घरात कूलर दिसला की घरकुलाच्या यादीतून नाव कटतं, हे बुलढाण्याच्या त्या नाल्याकाठी सगळ्यांना पाठ होतं. काल झुंबरबाईच्या झोपडीचा सर्व्हे झाला, तेव्हा तिचा कूलर पुष्पांजलीकडे होता. आज पुष्पांजलीची पाळी. भीतीपोटी तिनं दोन्ही कूलर, टीव्ही, खाट, भांडी, कपड्यांची पेटीसुद्धा समोर झुंबरबाईकडे नेऊन टाकली.

“सामान माह्यं हाय असं सांगू नको, मावशी.”

“मरून जाईन पोरी, पण नाही सांगणार.”

सर्व्हेवाल्यानं आत डोकावून मोबाईलवर लिहिलं, ‘रिकामी झोपडी’.

“घरकुलासाठी खोपटं उभं केलं का, बाई? इथं कोणी राहत नाही.”

“बारा वर्षं झाले इथं, साहेब!” पुष्पांजलीला रडूच फुटलं. “माह्यं सारं सामान समोर मावशीकडे हाय. इचारा तिले.”

“तुम्ही इथंच थांबा,” म्हणत तो एकटाच समोर गेला. “आजी, हे सामान त्या बाईचं आहे?”

झुंबरबाईनं दोन्ही कूलरकडे पाहिलं. आता आपलंही नाव कटणार, हे तिला कळलं. पण शब्द दिला होता.

“नाही साहेब,” ती म्हणाली, “हे सारं माह्यंच हाय.”