चौथी आठवण

झुहैर तिसऱ्यांदा आला तेव्हा डॉक्टर नुझहाने त्याच्यापुढे कागदच ठेवला. खाली त्याच्या आईची सही होती. वर लिहिलं होतं, ‘असं काहीही कधी घडलेलं नाही.’

“वाचलंस?”

“वाचलं. पण मला आठवतंय, त्याचं काय करू?”

मोरोक्कोतल्या फेस शहराच्या विद्यापीठात नुझहा स्मृतीवर प्रयोग करत होती. प्रयोग तसा साधा. माणूस निवडायचा, घरच्यांकडून त्याच्या लहानपणच्या तीन खऱ्या हकिगती मिळवायच्या आणि नुझहाने स्वतः रचलेली चौथी त्यांत बेमालूम मिसळून द्यायची. चौथी सगळ्यांना एकच. तू चार वर्षांचा असताना बाजारात हरवलास, एका बाईने तुला तेलात तळलेली गरम स्फेंज खाऊ घातली, तुझं रडं थांबवलं आणि घरी नेलं. घरच्यांनी आधीच लिहून द्यायचं, की आमचं मूल कधी हरवलं नव्हतं. मग महिनाभर गप्पा मारायच्या आणि न घडलेली गोष्ट कुणाकुणाला आठवू लागते ते बघायचं.

चाळीसांपैकी अकरा जणांना ती आठवू लागली. काहींना त्या बाईच्या ओढणीचा रंगसुद्धा आठवला. माणसाचं डोकं कच्च्या मालावाचूनही पक्का माल काढतं, असं नुझहा विद्यार्थ्यांना नेहमी सांगायची आणि सांगताना थोडी खूश असायची. शेवटी खरं काय ते कळल्यावर दहा जण स्वतःवरच हसले, पुदिन्याचा चहा प्यायले आणि आपापल्या वाटेने गेले.

अकरावा झुहैर. तो काही हसला नाही.

तो भिंतीवर बसवायच्या रंगीत फरशीचे तुकडे घडवायचा. डोळे मिटून चांदणीच्या आकाराचा तुकडा कापावा असा त्याचा हात. गेले काही दिवस तो हात चुकत होता. त्याहून वाईट म्हणजे तीन शुक्रवार तो आईकडे कुसकुस खायला गेला नव्हता. आईच्या शेजारीच वेगळा राहणारा मुलगा शुक्रवारच्या नमाजानंतर आईच्या ताटात हात घालत नाही म्हटल्यावर गल्ली काय काय बोलते, हे नुझहाला कुणी सांगायला नको होतं. बाप वारलेला, दुसरं भावंड नाही. म्हातारी एकटीच ताट वाढून बसायची आणि झाकून ठेवायची. हे आपल्या प्रयोगापायी झालं याची नुझहाला मनापासून लाज वाटत होती. ही आठवण त्याच्या डोक्यातून काढल्याशिवाय आज त्याला सोडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

“पुन्हा एकदा सांग. काय दिसतं?”

त्याने डोळे मिटले. “माझे हात तेलकट झालेत. वर समुद्रपक्षी ओरडताहेत. दवंडीवाला काठी आपटत चाललाय. मिलूद हरवलाय, म्हणतोय, चार वर्षांचा मिलूद, कुणी पाहिला का? आणि मी खातोय.”

नुझहाने वही मिटली. तिला हवं ते मिळालं होतं.

“फेसमध्ये समुद्र कुठे आहे?”

“नाही.”

“तुझं नाव काय?”

“झुहैर.”

“मग हरवलास तू आणि दवंडी मिलूदची, हे कसं? खरी आठवण असती तर त्यात तुझं नाव नको यायला?”

मग तिने त्याला शांतपणे समजावलं. समुद्र कुठल्या तरी सहलीतला असेल, दवंडी शेजारच्या एखाद्या पोराची असेल, स्फेंज तर मीच तुझ्या हातात दिली. मनाने हे तुकडे जोडून चित्र केलं, इतकंच. न बसणारा तुकडा ओळखणं हाच झुहैरचा धंदा होता, आणि इथे दोन तुकडे बसत नव्हते.

नुझहाने दार उघडून बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आईला, लल्ला तामूला, आत बोलावलं. सही घेतली त्या दिवशी इतर आया हसत हसत सही करून गेल्या होत्या. हिने मात्र ती चौथी गोष्ट दोनदा वाचून घेतली होती. म्हातारी काळजीखोर आहे, असं तेव्हा नुझहाला वाटलं होतं.

“यम्मा,” झुहैरने विचारलं, “मी कधी हरवलो होतो?”

“नाही बाळा.” ती त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली. “माझ्या हातातून तू एक दिवससुद्धा सुटला नाहीस.”

झुहैर तिच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मग उठून त्याने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं, उद्या जेवायला येतो म्हणाला, आणि वर भोपळा जरा जास्त घाल म्हणून फर्मावलंही. तीन शुक्रवारचा साठलाय, सगळा तुलाच संपवावा लागेल, असं म्हातारीने सुनावलं. तो हसत टॅक्सी आणायला गेला.

नुझहाचा जीव भांड्यात पडला. अकराव्या नावापुढे तिने लिहिलं, ‘खोटी आठवण पूर्णपणे पुसली गेली.’

लल्ला तामू उठली नाही. मुलाची पावलं जिन्यावरून खाली गेल्यावर तिने हात लांबवून दार लोटून घेतलं.

“तुम्ही त्याच्यापुढे बोलला नाहीत, फार उपकार झाले,” ती म्हणाली. “पण ही गोष्ट तुम्हाला सांगितली कुणी?”

नुझहाला हसू आलं. कुणीच नाही, मी स्वतः बसून रचली, चाळीस जणांना तीच दिली, असं तिने सांगितलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता.

“माझ्यापासून लपवू नका, डॉक्टर. सत्तावीस वर्षं मी याच दिवसाला भीत आले. मी भांडणार नाही. एवढंच सांगा, त्याची आई अजून जिवंत आहे का?”