तळमजला

हवालदार गुणाजींना जखमी गुडघ्यासाठी लष्कराकडून अपंगत्वाची पेन्शन मिळे. त्यावर सरकारी दिव्यांग दाखला घ्यायला ते तयार नव्हते. “एकाच पायासाठी दोनदा कसं मागू?” “दोन्ही चालतं, मी विचारून आलेय. दाखला असला तर आपली चाळ पाडून होणाऱ्या नव्या इमारतीत तळमजला मिळेल,” म्हणत मालतीने नवऱ्याला करी रोडहून इस्पितळात आणलं. “घरी चालता तसंच चाला. मिरवू नका.” डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगताच गुणाजी छाती काढून, दात आवळून, परेडवर असल्यासारखे खोलीच्या टोकापर्यंत जाऊन आले. “छान चालता की, काका!” मालतीने कपाळावर हात मारला. “आणि जिना? एकटे चढता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आता तळमजला गेलाच. या माणसाने आजवर ‘जमत नाही’ असं कुणापुढे म्हटलं नव्हतं. गुणाजींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “नाही, मॅडम. तीन मजले हिच्या खांद्यावर हात ठेवून चढतो. हिला वाटतं, लाडाने.”