क्रीम घातलेली कोळंबी

नोएमीने फोन ठेवला तेव्हा पातेल्यातल्या पाण्याला आधण आलं होतं. तिने मीठ टाकलं, पास्ता सोडला आणि घड्याळाकडे पाहिलं. साडेसहा.

फोन बंदरावरच्या लेदेस्माचा होता. एक जण सापडलाय, म्हणाला. होडीवरच्या पाचांपैकी कोण, ते आज सांगता येत नाही. उद्या सकाळी आठला ओळख पटवायला या.

"माझ्या सासूला यातलं काही कळू देऊ नका," नोएमी म्हणाली होती. "चार दिवस त्यांच्या पोटात अन्न नाही. त्यात साखरेची इंजेक्शनं. त्या कोसळतील."

लेदेस्मा म्हणाला, "बरं, वहिनी. तुम्ही आधी जेवून घ्या."

पाचांपैकी एक. तो आपला नवरा तादेओच कशावरून? अकरा दिवसांनंतर तिच्या हातात एवढंच उरलं होतं, आणि ते तिने घट्ट धरून ठेवलं.

सासूला ती आपल्या मुलासारखंच नोना, म्हणजे आजी, म्हणायची. होडी परतली नाही त्या दिवसापासून नोना धक्क्यावरच्या बाकावर जाऊन बसे आणि काळोख पडला की इकडे येई. आज ती आली की लगेच तिला जेवू घालायचं, मागच्या खोलीत निजवायचं आणि दाराला कडी लावायची. गल्लीत बातमी पसरायच्या आत. जे काय असेल ते उद्या.

कढईत लोणी वितळलं. लसूण पडला. घरात आठच कोळंब्या होत्या आणि माकूल माशाचा एक तुकडा. एवढ्याने कोणाचं पोट भरणार? तिने क्रीमचा कागदी डबा काढला.

नोनाचे आजोबा सिसिलीहून आलेले कोळी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नोनाने बजावलं होतं, "माशात साय घालणाऱ्याच्या हातचं आमच्याकडे मांजरही खात नाही." गायीगुरांच्या गावातून आलेल्या नोएमीने सात वर्षांत या स्वयंपाकघरात माशाजवळ क्रीम आणलं नव्हतं.

डबा फोडायला कात्री हवी होती. खणात कात्रीशेजारी जाळं विणायच्या हिरव्या दोऱ्याचं रीळ होतं. निघायच्या दिवशी तादेओच्या गळ्यातल्या पदकाच्या साखळीची कडी तुटली, तेव्हा तिने याच दोऱ्याने ती बांधून दिली होती. तीन गाठी मारून.

"तीन?" तो हसला होता. "साखळी बांधतेस का मला?"

तिने खण लोटून दिला.

दार वाजलं. नोना आत आली. बाहेर अजून उजेड होता.

"आज लवकर आलात?"

"वारा बोचत होता."

"बंदरावर काही... कळलं का?"

"काय कळायचंय? समुद्र तो समुद्र."

नोएमीने सुटकेचा श्वास टाकला. नोनाने कोट खुंटीला अडकवला. पाच वर्षांचा फाकुंदो नेहमीसारखा धावत आला आणि गोळीसाठी कोटाचा खिसा चाचपू लागला.

"हात काढ! आज काही नाही त्यात."

फाकुंदो दचकला. नोना त्याच्यावर कधी ओरडत नसे. भूक, नोएमीने मनाशी म्हटलं. भुकेने माणूस असंच होतं.

नोना मोरीपाशी गेली आणि हात धुऊ लागली. बराच वेळ. गरम पाण्याखाली, साबण लावून, पुन्हा लावून. गारठले असतील.

नोएमीने डबा पावाच्या टोपलीमागे सरकवला, पण उशीर झाला होता.

"क्रीम आहे का ते?"

"थोडंसंच. कोळंबी कमी होती, म्हणून..."

ती टोमण्याची वाट पाहत उभी राहिली.

"घाल," नोना म्हणाली. "सगळं घाल."

"नोना?"

"पाळण्यातल्या तान्हीला पाजतेस ना? नुसत्या पाण्यावर किती दिवस काढणार आहेस?"

फाकुंदोने चार ताटल्या मांडल्या. चौथी बापाची. अकरा दिवस नोना ती स्वतः वाढायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. सकाळी ते गार झालेलं अन्न मांजराला जायचं.

सगळे जेवायला बसले. नोनाने पहिला घास घेतला. मग दुसरा. नोएमी चोरून मोजत होती.

"कसं झालंय?"

"तुझ्या गावच्या गायी मासेमारीला निघाल्यासारखं."

फाकुंदो खदाखदा हसला. नोएमीलाही हसू आलं. पण नोना खात होती. निम्मी ताटली संपली होती. जमलं, नोएमीला वाटलं. एवढं तरी जमलं.

"तू का चिवडत बसलीस?"

"खातेय ना."

नोनाने तादेओची ताटली उचलली आणि नोएमीच्या ताटलीत उलटी केली.

"त्याचं आहे ते, नोना."

"गार होतंय. खा."

थकली बिचारी, नोएमीच्या मनात आलं. आता झोपेल. तिने काटा उचलला, एक कोळंबी तोंडात घातली, गिळली. नोना तिच्या प्रत्येक घासाकडे पाहत होती.

"नोना खोटारडी!" फाकुंदो कधी खुर्चीवरून उतरला ते कुणाला कळलंच नव्हतं. खुंटीखालून तो मूठ नाचवत आला. "खिशात आहे! आहे काहीतरी!"

त्याने टेबलावर मूठ उघडली. चांदीचं पदक, ओली साखळी आणि हिरव्या दोऱ्याच्या तीन गाठी.

नोएमीचा काटा हवेतच राहिला. नोनाने हात पुढे केला, ताटली तिच्याकडे सरकवली.

"आधी तेवढं संपव, पोरी."